शब्द थोडे, बोलणं पुरं

आमच्या बपेऱ्याचा पूल ओलांडला की राज्य बदलतं. अलीकडे भंडारा जिल्ह्यातला तुमसर तालुका, पलीकडे मध्य प्रदेशातला बालाघाट. पाट्या इकडे मराठीत, तिकडे हिंदीत. सोयरिकी मात्र दोन्हीकडे. इंग्रजांनी १८६७ पासून बालाघाट जिल्हा बांधायला घेतला, तेव्हा भंडाऱ्याचाही काही मुलूख त्यात गेला. १९५६ पर्यंत दोन्ही जिल्हे एकाच राज्यात होते आणि राजधानी होती नागपूर. त्या वर्षी १ नोव्हेंबरला भाषेवर राज्यं बेतली गेली. भंडारा तेव्हाच्या मुंबई राज्यात आला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला आणि १ मे १९६० ला आम्ही महाराष्ट्राचे झालो. रेघ कागदावर पडली. घराघरांत पोवारी, हिंदी, झाडीबोली, कुठं गोंडी असं सगळं चालूच राहिलं.

मी पलीकडची. माहेरी पोवारी बोलायचो, शाळा हिंदीतून झाली, मराठी नुसती कानावरून गेलेली. लग्न होऊन इकडे आले आणि पुढं अंगणवाडी सेविका झाले. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची लेकरं, त्यांच्या आया, गरोदर बाया, धानाच्या रोवणीला पलीकडून आलेल्या मजूर बाया. प्रत्येकीची बोली निराळी आणि नोंदवही मराठीत. आधी भाषा शिकते, मग काम करते, असं म्हणायची सोय नव्हती. लेकरू तापानं फणफणलं असेल तर आहेत त्या शब्दांतच त्याच्या आईशी बोलावं लागतं. माझ्या आजेसासूनं मला असं बोलायच्या रीती दाखवल्या. ती शाळेत गेली नव्हती, पण सिहोऱ्याच्या बाजारात कोणाही परक्या माणसाशी सौदा पुरा करून यायची. तिच्याकडून आलेलं आणि अंगणवाडीत घासून पक्कं झालेलं असं हे सगळं तुम्हाला देते.

कारण आता तुम्ही निघालात, पोरांनो. कोणी हैदराबादला, कोणी सुरतेला, कोणी बंगळूरला. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवायचा करार केला. नर्सिंग केलेल्या मुली त्यासाठी जर्मन शिकायचं म्हणतात. सगळ्यांचं भय एकच: शब्द येत नाहीत, बोलू कसं? त्यावर माझं म्हणणं एवढंच आहे की शब्द थोडे असले तरी चालतील, मतलब तोडू नका. वाक्य लहान करा, वाट बदला, हात वापरा, समोरच्याची मदत घ्या. जे सांगायचं आहे ते मात्र सगळं सांगा. त्याचेच हे दहा मंत्र.

पहिला: तोंड उघडण्याआधी मतलब पक्का करा

आपल्या भाषेत आपण मनात येईल तसं लांबण लावतो. नव्या भाषेत तेच वाक्य जसंच्या तसं न्यायला गेलात तर तिसऱ्याच शब्दाला अडता आणि मग गप्प बसता. म्हणून आधी मनात, आपल्याच भाषेत, त्याचे तुकडे करा.

समजा तुम्हाला मुकादमाला सांगायचं आहे: 'आईची तब्येत बिघडल्यामुळे मला गावी जावं लागतंय, दोन दिवसांची मजुरी कापली तरी चालेल, पण माझ्या जागी दुसरा माणूस लावू नका.' त्याचे तुकडे असे होतात. आई आजारी आहे. मी गावी जातो. शुक्रवार, शनिवार काम नाही. ते पैसे नको. सोमवारी येतो. माझं काम ठेवा. सहा तुकडे आणि सगळे शब्द पहिल्या महिन्यात येणारे. 'तब्येत बिघडल्यामुळे' गेलं, 'कापली तरी चालेल' गेलं, पण मुकादमाला कळायला हवं ते सगळं पोहोचलं.

तुकडे करताना क्रम सांभाळा. आधी घडलं ते आधी, मग घडलं ते मग. 'कारण', 'त्यामुळे', 'जरी', 'तरी' हे जोडशब्द शिकायला वेळ लागतो. तोवर नुसता क्रमच जोडशब्दाचं काम करतो. 'पाऊस आला. रस्ता बंद. मी उशिरा आलो.' यात कारण कुठं आहे ते कोणालाही कळतं.

दुसरा: पहिले शब्द निवडून घ्या

नवी भाषा शिकायला बसलं की पोरं फळांची, रंगांची, पक्ष्यांची नावं पाठ करतात. वस्तूंची नावं बोटानं दाखवूनही मिळतात. आधी घ्या ते बोटानं दाखवता न येणारे शब्द. काय, कोण, कुठे, कधी, किती, का. आहे, नाही. पाहिजे, नको. आधी, नंतर, आता. सारखं, वेगळं. साठी, शिवाय. जास्त, कमी. पुन्हा, हळू. एक ते शंभर आकडे आणि वारांची नावं.

क्रियापदं थोडीच घ्या, पण घासून घ्या. इंग्लंडमधल्या सी. के. ऑग्डन या भाषेच्या अभ्यासकानं १९३० साली परक्यांसाठी 'बेसिक इंग्लिश' नावाची आटोपशीर इंग्रजी मांडली. तिच्यात शब्द ८५० आणि क्रियापदांचं काम करणारे शब्द अवघे १८. जा, ये, दे, घे, ठेव, कर, बघ, सांग अशा हाताशी असलेल्या शब्दांना आत, बाहेर, वर, खाली जोडलं की पुष्कळ क्रियापदांचं काम भागतं. 'प्रवेश करा' येत नसेल तर 'आत या'. 'चढा' येत नसेल तर 'वर जा'. 'परत कर' येत नसेल तर 'पुन्हा मला दे'.

मराठी शिकणाऱ्या सुनेला मी 'लागणे' लवकर शिकवते. भूक लागते, तहान लागते, झोप लागते, वेळ लागतो, पैसे लागतात, ठेच लागते, दार लागतं, दिवा लागतो, गोड लागतं, लेकरू रडायला लागतं. एवढ्या एका क्रियापदावर घरातलं किती तरी बोलणं निभतं. हिंदीवाल्या सुनेला तर ते सोपंच जातं, कारण 'लगना' तिच्या तोंडी असतंच.

आणि 'करणे' तर देशभर कामाला येतं. आपण म्हणतो 'फोन करा'. तेलुगूत म्हणतात 'फोन चेयंडी', कन्नडात 'फोन माडि'. दोन्हीकडे फोनच्या पुढं 'करा' हेच आलं आहे. म्हणून जिथं जाल तिथलं 'करा' पहिल्याच दिवशी शिका. ऑफ, ऑन, सही, चेक, बुक हे शब्द सगळीकडे चालतात. त्यापुढं तिथलं 'करा' लावलं की काम पुढं सरकतं.

तिसरा: शब्द सापडला नाही तर वळसा घ्या

बांधीत पाणी भरलं असलं की आपण धुऱ्यावरून फिरून जातो, तसं नाव आठवत नसलेल्या वस्तूच्या भोवतीनं बोला. आजेसासूची ही रीत मला सगळ्यात जास्त कामी आली. तिला चाळणीला हिंदीत काय म्हणतात ते ठाऊक नव्हतं. दुकानदाराला म्हणायची, 'भांडं. गोल. खाली बारीक छेद. पीठ टाकतो, हलवतो, कोंडा वर राहतो, पीठ खाली.' दुकानदार चाळणी काढून द्यायचा आणि वर नावही सांगायचा.

तिच्या बोलण्यात चार प्रश्नांची उत्तरं असायची. ती तुम्ही पाठच करा. ही कोणत्या जातीची वस्तू: भांडं, कपडा, औजार, खाणं, जनावर? हिचं काम काय? दिसते कशी? असते कुठं, वापरतं कोण? चारांतलं सगळ्यात बळकट उत्तर कामाचं असतं. 'धान कापायचं' म्हटलं की कोणत्याही भाषेतला शेतकरी विळा पुढं करेल. 'ताप मोजायचं' म्हटलं की मेडिकलवाला थर्मामीटर काढेल.

भावना अशा वळशानं सांगायच्या तर प्रसंग सांगा. 'अपमान वाटला' हे येत नसेल तर 'सगळ्यांसमोर बोलला. मला वाईट वाटलं. मी जेवलो नाही.' अवघड शब्दापेक्षा हे तीन तुकडे ऐकणाऱ्याला जास्त लागतात.

चौथा: दोन जुने शब्द जोडून नवा करा

लेकरांना हे न शिकवता येतं. अंगणवाडीत एका लेकरानं छत्रीला 'पाऊसटोपी' म्हटलं होतं. मोठं झाल्यावर आपण लाजतो. लाजू नका. 'नाही', 'सारखं', 'मोठं', 'लहान' एवढे शब्द असले तरी खूप काही जुळतं. 'कोरडं' आठवत नाही तर 'ओलं नाही'. 'रुंद' आठवत नाही तर 'बाजूनं मोठं'. 'आळणी' आठवत नाही तर 'मीठ नाही'.

कॅनडातल्या सोन्या लँग यांनी २००१ मध्ये 'टोकी पोना' नावाची एक भाषाच अशी रचली. शब्द सव्वाशेच्या आसपास. मित्राला त्या भाषेत 'चांगला माणूस' म्हणतात आणि गाडीला 'चालतं घर'. जगभर हौसेनं ती बोलणारी माणसं आहेत आणि एवढ्या शब्दांत त्यांच्या गप्पा रंगतात. मात्र आकड्यांसाठी त्या भाषेत फार थोडे शब्द आहेत. म्हणजे गप्पांना थोडे शब्द पुरतात, मापाला आणि मोजणीला नेमके शब्दच लागतात. ते आपण सातव्या मंत्रात पाहू.

पाचवा: हात, वस्तू आणि कागद सोबत ठेवा

खूण करणं म्हणजे अडाणीपणा असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. खूण आणि शब्द बरोबरच चालू द्या. 'मोठं' म्हणताना हात पसरा, 'थोडं' म्हणताना चिमूट दाखवा. खिशात लहान वही आणि पेन ठेवा. रस्ता विचारायचा तर रेघा मारा. किंमत ठरवायची तर आकडा लिहा आणि समोरच्यालाही लिहायला लावा. मोबाइलमध्ये लागणाऱ्या वस्तूंचे, रोजच्या औषधाच्या पाकिटाचे, राहत्या जागेच्या पाटीचे फोटो ठेवा.

मान हलवण्यावर मात्र विसंबू नका. आपल्याकडे मान डोलावली की हो. बल्गेरियात पुष्कळ लोक 'नाही'साठी मान वरखाली करतात. दूर कशाला, आपल्याच देशात दक्षिणेकडे मान बाजूला हलवून 'बरं' म्हणतात आणि आपल्याला तो नकार वाटतो. हो-नाही तोंडानं घ्या.

सहावा: समोरच्याला कामाला लावा

बोलणं दोघांचं असतं. अर्धं ओझं त्याच्यावर टाकायला एक प्रश्न पुरतो: 'याला काय म्हणतात?' जिथं जाल तिथला हा प्रश्न गाडीत बसण्याआधी पाठ करा. हिंदीत 'इसे क्या कहते हैं?' गुजरातीत 'आने शुं कहेवाय?' तेलुगूत 'दीन्नी एमंटारु?' कन्नडात 'इदक्के एनु अंतारे?' जर्मनमध्ये 'वी हाइस्ट दस?'

उत्तर मिळालं की नुसती मान हलवून पुढं जाऊ नका. तो शब्द लगेच मोठ्यानं म्हणा, त्याच ठिकाणी एका वाक्यात वापरा आणि रात्री वहीत लिहा. कामाच्या जागी, गरजेच्या वेळी मिळालेला शब्द पुस्तकातल्या शब्दापेक्षा जास्त टिकतो. लोकांना आपली भाषा शिकवायला आवडतं. विचारणाऱ्याला ते सहसा परकं समजत नाहीत.

सातवा: औषध, पैसा आणि दिवस यांत अंदाज नको

इथं जरा बसून ऐका. थोड्या शब्दांत बोलणारा माणूस अंदाजावर चालतो आणि बहुतेक वेळा ते निभतं. तीन ठिकाणी ते निभत नाही.

औषध. कोणत्याही आईला 'समजलं का?' विचारू नका. परक्या भाषेत माणूस भिडेनं 'हो'च म्हणतो. तिलाच सांगायला लावा: 'आता घरी जाऊन काय कराल?' जुलाबाच्या लेकरासाठी ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण ओतायचं, थोडं थोडं नाही, आणि केलेलं पाणी २४ तासांच्या आत संपवायचं. हे सांगताना मी एक लिटरची बाटली समोर ठेवायची आणि पाकीट तिच्याच हातानं रिकामं करवून घ्यायची. झिंकची गोळी १४ दिवस द्यायची, जुलाब थांबले तरीही. त्यासाठी कागदावर १४ गोल काढून द्यायची आणि रोज एकावर फुली मारायला सांगायची. शब्द दोन-चारच, पण चुकायला जागा नाही.

पैसा. मजुरी रोजाची की महिन्याची, जेवणासकट की जेवणाशिवाय, खोलीचं भाडं कोणाकडे, हे तिन्ही लिहून घ्या आणि देणाऱ्याला वाचून दाखवा.

दिवस. हिंदीत झालेल्या दिवसालाही 'कल' आणि येणाऱ्या दिवसालाही 'कल'. मराठीत काल वेगळा, उद्या वेगळा. आमच्या सीमेवर लसीकरणाचा दिवस यामुळं हुकू शकतो. म्हणून वार सांगा, तारीख सांगा आणि कॅलेंडरवर बोट ठेवा.

आठवा: सारख्या दिसणाऱ्या शब्दांची चौकशी करा

शेजारच्या भाषेचा शब्द उसना घ्यायला हरकत नाही, पण आधी हळूच विचारा. मराठीत शिक्षा भोगतात, हिंदीत शिक्षा घेतात. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मराठीत खाली म्हणजे तळाशी, हिंदीत खाली म्हणजे रिकामं. आणि पुण्यात भाजीवाल्याकडे सांबार मागितलात तर तो हॉटेलची वाट दाखवेल. तिथं कोथिंबीर म्हणा.

म्हणी आणि वाक्प्रचारही पहिल्या वर्षी घरीच ठेवा. शेजारणीचा हेवा सांगताना आपण 'तिच्या पोटात दुखतं' म्हणतो. परक्या भाषेत तेच शब्द उतरवलेत तर ऐकणारा डॉक्टरचा पत्ता देईल. साधं बोला.

नववा: घरची बोली सोडू नका

नवी भाषा यायला जुनी टाकावी लागत नाही. पोवारीत 'आहे'ला 'से' म्हणतात. झाडीबोलीत डोळ्याला 'डोरा' आणि तांदळाला 'तांदूर'. शाळेत गेलेली पोरं हे बोलायला लाजतात, त्याचं मला दुःख होतं. ज्या लेकराला एका बोलीत गोष्ट पुरी सांगता येते, त्याला दुसऱ्या भाषेत नुसते शब्द बदलावे लागतात. गोष्ट सांगायची रीत त्याच्याकडे आधीच असते. म्हणून अंगणवाडीत मी लेकरांना आधी त्यांच्या बोलीत बोलू द्यायची आणि मग तेच मराठीत म्हणवून घ्यायची. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य असेल तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे.

साने गुरुजी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात तमिळ शिकले आणि त्यांनी तिरुक्कुरळ मराठीत आणलं. आंतरभारतीचं त्यांचं स्वप्नच असं होतं की प्रत्येकानं आपली भाषा घट्ट धरून शेजाऱ्याची शिकावी.

दहावा: ज्यांना भाषा येते त्यांच्यासाठी

हा मंत्र गावात राहणाऱ्यांना. पलीकडून सून येते, रोवणीला बाया येतात, दूरच्या राज्यातला कोणी मजूर येतो. तो शब्द शोधत असतो तेव्हा त्याचं वाक्य तोंडातून काढून घेऊ नका. थांबा. आवाज चढवू नका, त्याला ऐकू येतं. हळू बोला, पण मोडकं बोलू नका, नाहीतर तो मोडकंच शिकेल. तो बोलला ते नीट करून सहज पुन्हा म्हणा: तो म्हणाला 'मी काल येईन', तर तुम्ही म्हणा 'हो, उद्या या'. दुरुस्ती झाली आणि त्याचा मानही राहिला.

आणि हसू नका. शब्दाला हसलं की माणूस ते वाक्य पुन्हा बोलत नाही. सून महिनोन्महिने गप्प राहते आणि घरचे म्हणतात, स्वभावानंच अबोल आहे. तिच्या मनात केवढं बोलणं साठलेलं असतं ते मी जाणते. कोणाच्या थोड्या शब्दांवरून त्याची अक्कल मोजू नका. चार भाषांच्या अंगणात वाढलेल्या आपल्या लोकांना तरी हे शोभत नाही.

निघण्याआधीचा सराव

गाडी पकडण्याआधी घरात आठवडाभर हा खेळ खेळा. रात्री जेवणं झाली की घरातली एखादी वस्तू मनात धरा आणि नाव न घेता, फक्त पन्नास-साठ सोप्या शब्दांत, बाकीच्यांना ओळखू द्या. पहिल्या दिवशी सूप, पाटा, कंदील घ्या. दुसऱ्या दिवशी वस्तू सोडून प्रसंग घ्या: बँकेत खातं उघडणं, गाडी चुकणं, दात दुखणं. तिसऱ्या दिवशी भावना घ्या: भीती, आठवण, राग. आधी आपल्या बोलीत करा, मग हिंदीत, मग जिथं जायचं तिथल्या भाषेचे जे चार शब्द येतात ते मिसळून. हात वापरा, वही वापरा, वळसा घ्या. घरातल्या सगळ्यात लहान पोराला आणि सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला तुमचं कळलं, की तुम्ही निघायला तयार झालात.